खोडदच्या आकाशनोंदी आणि चुंबकीय फीत : एका जतनाचा इतिहास

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यास लागले म्हणजे भोसरी, मोशी आणि चाकण मागे पडेपर्यंत कारखान्यांची रांग संपत नाही. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९७० साली पिंपरी-चिंचवडास नगरपालिका मिळाली, १९८२ साली ती महानगरपालिका झाली, आणि २००९ साली चाकणास फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. तोपर्यंत हा सारा पट्टा ज्वारी-बाजरीच्या शिवारांतून यंत्रांच्या शिवारात येऊन पोहोचला होता. चाकणच्या पुढे मात्र देखावा पालटतो. राजगुरुनगर, मंचर ही गावे घेत नारायणगाव गाठावे व तेथून उजवीकडे वळावे, म्हणजे खोडदच्या माळावर जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हीच महाकाय मीटरतरंगलांबी रेडिओ दुर्बीण. जाणत्यांच्या बोलण्यात जीएमआरटी. ह्या तबकड्या आकाशाकडून जे ऐकतात त्याच्या नोंदी कशावर उतरल्या, कशा टिकल्या, आणि त्या टिकण्यास काय करावे लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ह्या विषयात पडावे हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. त्यांस एवढेच सांगावयाचे की, नोंद आणि तिचा वाचक ह्यांचा संबंध हा आमच्या शास्त्राचा जुनाच प्रश्न आहे. खोडदला तो फक्त अधिक मोठ्या आकड्यांत भेटतो. शिवाय ह्या लेखास एक खाजगी निमित्तही आहे. ते योग्य ठिकाणी येईल.

आरंभी शब्दाविषयी थोडे. ‘फीत’ हा शब्द आपणांकडे पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीजांची ‘फिता’ म्हणजे कापडी पट्टी. मराठीत ती प्रथम वेणीत गेली, मग बुटांत, मग शिंप्याच्या गळ्यात. सरकारी कागदांस बांधली गेल्यावर ‘लाल फीत’ होऊन तिने वेगळीच कीर्ती मिळविली. ध्वनिमुद्रण आल्यावर ‘ध्वनिफीत’ आणि त्यामागून ‘चित्रफीत’ हे समास सहज रुळले. ‘डेटा’ ह्या शब्दाचे मात्र तसे झाले नाही. त्यास ‘आधारसामग्री’ हा भारदस्त पर्याय मिळाला, ‘विदा’ हा सुटसुटीत पर्याय मिळाला, आणि प्रयोगशाळेत बोलणारे लोक ‘डेटा’च म्हणत राहिले. ह्या लेखात बहुतेक ठिकाणी मी ‘नोंदी’ म्हटले आहे. नोंद म्हटले की ती कोणी तरी केली आणि कोणी तरी वाचावयाची आहे, हा अर्थ शब्दातच येतो.

चुंबकीय फितीचा जन्म ध्वनीसाठी झाला. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉइमर ह्याने कागदाच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी चिकटवून १९२८ साली तिचे एकस्व घेतले, आणि १९३५ साली एईजी कंपनीने ‘मॅग्नेटोफोन’ हे ध्वनिमुद्रक यंत्र लोकांपुढे मांडले. त्यासाठी लागणारी फीत बीएएसएफ कंपनीने बनविली होती. गणकयंत्रांनी ही युक्ती उचलली ती पुढील युद्धानंतर. १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्यास मिळालेल्या ‘युनिव्हॅक’ यंत्राची फीत निकेलचा मुलामा दिलेल्या कांस्याची, म्हणजे चक्क धातूची, अर्ध्या इंचाची पट्टी होती. दुसऱ्याच वर्षी आयबीएम कंपनीने ‘७२६’ हे यंत्र आणले आणि धातूऐवजी प्लास्टिक वापरले. इंचास शंभर अक्षरे आणि सेकंदास पंचाहत्तर इंच, असा त्याचा वेग होता. म्हणजे सेकंदास साडेसात हजार अक्षरे. एवढ्या वेगाने धावणारी नाजूक फीत एकदम थांबविली तर तुटणार, ही मुख्य अडचण होती. ती त्या अभियंत्यांनी मोठ्या मजेशीर रीतीने सोडविली. फितीचा एक सैल फास निर्वात नळीत ओढून धरावयाचा, म्हणजे मोठे रीळ आपल्या संथ गतीने फिरले तरी शीर्षाजवळची फीत क्षणात थांबू अगर सुटू शकते. विहिरीवर मोटेचा नाडा सैल सोडून पुन्हा ताणून घेणाऱ्या शेतकऱ्यास ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हे मोठे गणकयंत्र बसले आणि चुंबकीय फितीची रिळे भारतीय शास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आली. ह्याच संस्थेत गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांनी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा केला. त्या गटाने १९७० साली उटकमंडजवळ ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी केली आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र थाटून खोडदचे काम हाती घेतले. खोडदच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढ्या मोठ्या तबकड्या स्वस्तात उभारावयाच्या तर वाऱ्याचा भार कमी झाला पाहिजे. म्हणून भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक तारेची जाळी बसविण्याची युक्ती स्वरूप ह्यांनी योजिली. चौदा तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात आहेत. उरलेल्या सोळा तीन भुजांवर, दूर पंचवीस किलोमीटरांच्या टापूपर्यंत पसरल्या आहेत. २००१ साली दुर्बिणीचे लोकार्पण झाले आणि २००२ पासून ती जगातील सर्व संशोधकांस खुली झाली.

आता ह्या दुर्बिणीची ‘नोंद’ म्हणजे नेमके काय, ते पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. येथे छायाचित्र निघत नाही. प्रत्येक तबकडीवर येणारा रेडिओतरंग विद्युत्दाबाच्या चढउतारात रूपांतरित होतो, आणि दोन-दोन तबकड्यांचे चढउतार एकमेकांशी ताडून पाहिले जातात. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. ह्या जोड्यांच्या मापांवरून आकाशाचे चित्र गणिताने बांधावयाचे असते. अर्थात चित्र हे नोंदीचे एक वाचन झाले. मूळ नोंद जोड्यांच्या आकड्यांचीच.

हे आकडे किती असतात? २०१० च्या दशकात दुर्बिणीची सुधारणा झाली, तेव्हा तिचा ऐकण्याचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. तीस तबकड्या, प्रत्येकीची दोन ध्रुवणे, सेकंदास ऐंशी कोटी नमुने आणि दर नमुन्यास एक बाइट, असा हिशेब केला तर दर सेकंदास ४८ गीगाबाइट होतात. सांप्रत प्रचारात असलेल्या एलटीओ फितीच्या नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात. म्हणजे ते कार्ट्रिज सव्वासहा मिनिटांत भरेल! बरे, त्या फितीवर लिहिण्याचा वेग सेकंदास ४०० मेगाबाइट, म्हणून असे १२० ड्राइव्ह एकाच वेळी चालवावे लागतील. हे कोणास परवडणार? म्हणून बहुतेक निरीक्षणांत मूळ चढउतार तेथल्या तेथे ताडून, काही सेकंदांची सरासरी घेऊन, सोडून दिले जातात. जोड्या आणि प्रत्येक तबकडीचे स्वतःचे माप मिळून ४६५, दोन ध्रुवणे, २०४८ कंप्रताविभाग, दर मापास ८ बाइट आणि २.६८ सेकंदांची सरासरी धरली तर दहा तासांच्या निरीक्षणाचे सुमारे २०० गीगाबाइट उरतात. जुन्या, अरुंद पट्ट्याच्या काळी २५६ विभाग आणि सोळा सेकंदांची सरासरी धरली तर हेच दहा तास सव्वाचार गीगाबाइटांत बसत. संग्रहात जे शिरते ते असे आधीच गाळून घेतलेले असते. म्हणूनच जे गाळून उरले त्याची किंमत मोठी.

दुर्बिणीच्या आरंभीच्या वर्षांत निरीक्षकास आपल्या नोंदी फितीवर उतरवून मिळत. परदेशी संशोधक ती फीत पिशवीत घालून विमानाने घरी नेई. त्या वेळच्या संगणकजालापेक्षा हा मार्ग खात्रीचा होता. पुढे एलटीओ फिती आल्या, मोठ्या हार्ड डिस्क आल्या, आणि आज केंद्राच्या ऑनलाइन संग्रहातून नोंदी मागविता येतात. निरीक्षकाचा खाजगी हक्क अठरा महिन्यांचा. त्यानंतर त्या सर्वांस खुल्या होतात.

हार्ड डिस्क इतक्या स्वस्त झाल्यावरही मोठे संग्रह फीत का सोडीत नाहीत, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. कारणे साधी आहेत. कपाटात पडलेली फीत वीज खात नाही आणि तापतही नाही. ती जालाशी जोडलेली नसल्याने कोणा चोरट्यास दुरून पुसता येत नाही. तिचा दोष असा की हवी ती नोंद शोधण्यास फीत गुंडाळीत त्या जागेपर्यंत जावे लागते, आणि त्यात मिनिटभर सहज जाते. रोज लागणारे डिस्कवर आणि क्वचित लागणारे फितीवर, अशी वाटणी सर्वत्र आपोआप झाली आहे. फितीच्या रसायनातही मोठी प्रगती आहे. जुनी भुकटी लोहाच्या भस्माची होती. मग अधिक दाट लिहिता यावे म्हणून शुद्ध धातूचे कण आले, पण धातू म्हटला की गंजाची भीती आली. आताच्या फितींवर बेरियम फेराइट असते. ते मुळातच ऑक्साइड असल्याने गंजावयाचे काही उरत नाही. कण टिकले तरी त्यांस धरून ठेवणारा चिकट लेप दमट हवेत फुटतो, हे मात्र जुन्या फितींच्या बाबतीत पुष्कळांनी अनुभवले आहे. अशी फीत यंत्रात घातली की शीर्षास चिकटते आणि स्वतःचाच मजकूर खरवडून काढते. मावळाच्या पावसाळ्याशी परिचय असलेल्यास फितींच्या खोलीत निम्म्याहून कमी आर्द्रता का राखावी लागते हे वेगळे सांगणे नको.

तथापि फितीचा खरा शत्रू दमटपणा नव्हे. एलटीओ ह्या पद्धतीची पहिली पिढी २००० साली आली. कार्ट्रिजमध्ये १०० गीगाबाइट, फितीवर ३८४ मार्ग. २०२१ च्या नवव्या पिढीत त्याच अर्ध्या इंचाच्या रुंदीवर ८९६० मार्ग बसले. फितीची जाडी ५.२ मायक्रॉन, लांबी १०३५ मीटर. एकवीस वर्षांत कार्ट्रिजचे आकारमान न बदलता धारणशक्ती एकशेऐंशी पटींनी वाढली. हे कौतुक करण्यासारखेच आहे. पण ह्याच इतिहासाची दुसरी बाजू पाहा. सातव्या पिढीपर्यंत असा नियम होता की, ड्राइव्हने आपल्या मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचाव्यात. २०१७ च्या आठव्या पिढीने तो मोडला. तिला मागील एकच पिढी वाचता येते. नवव्या पिढीचेही तसेच. २०२५ साली आलेल्या दहाव्या पिढीच्या ड्राइव्हला तर आपल्या पिढीखेरीज दुसरे काहीच वाचता येत नाही. फीत योग्य हवेत तीस वर्षे टिकेल असे बनविणारे सांगतात, आणि त्यांच्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु तीस वर्षांनी ती वाचणारे यंत्र कोठे असेल?

मोडी दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हा प्रश्न नवा वाटणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. शाळांतून मोडीचे शिक्षण गेले तसे त्या कागदांचे वाचक मात्र विरळ झाले, आणि कागदास काहीही न होता तो अर्धामुर्धा मुका झाला. फितीचे ड्राइव्ह म्हणजे तिचा मोडीवाचक. फरक इतकाच की मोडी शिकविणारा एखादा वर्ग पुन्हा काढता येतो, तर बंद पडलेल्या बनावटीचे चुंबकीय शीर्ष पुन्हा घडविणे जवळजवळ अशक्य असते.

अमेरिकेच्या अवकाश संस्थेचा अनुभव ह्याच जातीचा आहे. १९६९ साली चंद्रावरून अपोलो ११ ने धाडलेले दूरचित्र ज्या फितींवर मूळ स्वरूपात उतरले होते त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे त्या संस्थेस २००९ साली जाहीर करावे लागले. पुढील दशकांत कोऱ्या फितींचा तुटवडा पडला होता, एवढेच कारण! ह्याच्या उलट गोष्ट १९६६-६७ च्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानांची. त्या यानांनी काढलेल्या चंद्राच्या छायाचित्रांच्या फिती नॅन्सी इव्हान्स ह्या बाईंनी नष्ट होऊ दिल्या नाहीत, आणि त्याहून विशेष म्हणजे त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची अवजड यंत्रे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवून दिली. २००८ साली काही अभियंत्यांनी त्या यंत्रांस पुन्हा चालू केले, आणि मूळ छपाईपेक्षा किती तरी स्वच्छ चित्रे निघाली. बाईंनी केवळ फिती ठेवल्या असत्या तर काही निघाले नसते.

निमित्ताची गोष्ट येथे सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी प्रबंधाच्या कामासाठी मी खेड आणि मावळ तालुक्यांतील म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. त्यांतील काहींच्या गावची शेते तेव्हाच मोजणीच्या खुणांनी आखली गेली होती. सर्व मुद्रण संगणकावर घेऊन एका संस्थेच्या यंत्रावर त्याची सुरक्षित प्रत काडेपेटीएवढ्या फितीवर काढली, आणि निर्धास्तपणे मूळ कॅसेटी पुन्हा वापरल्या. चार वर्षांनी ती फीत घेऊन गेलो तो यंत्र मोडीत निघाले होते. दुसरीकडे त्याच आकाराचे यंत्र मिळाले, पण त्यास ती पिढी ओळखता येईना. फीत माझ्या टेबलाच्या खणात आहे, तिला बुरशी नाही, ओरखडा नाही. माझ्याजवळ कागदावर लिप्यंतर तेवढे उरले. त्यात शब्द आहेत, प्रत्यय आहेत. प्रश्न विचारताना म्हाताऱ्यांचा आवाज कोठे चढे आणि कोठे रेंगाळे, ते नाही. ह्यात दोष संस्थेचा नव्हे, माझाच. एक प्रत म्हणजे जतन, असे मी मानले होते.

ज्या मुलखात मी हे मुद्रण केले त्या मुलखाने हा धडा पूर्वीच घेतला होता, हे मला उशिरा सुचले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या ही कथा सर्वज्ञात आहे. संहितेच्या अभ्यासकास त्या कथेइकेच महत्त्व आहे ते लेखकांस. परंपरेने त्यांत दोन नावे प्रमुख सांगितली आहेत : कडूसचे गंगारामपंत मवाळ आणि मूळ चाकणचे संताजी जगनाडे, ज्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. देहू, कडूस, चाकण ही ठिकाणे एकमेकांपासून काही कोसांवर. पण एकाच डोहात बुडण्याइतकी जवळ नव्हेत. संताजींची वही त्यांच्या वंशजांकडे तळेगावास राहिली आणि वि. ल. भावे ह्यांनी तिच्या आधारे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर गाथा छापिला. मोठ्या संग्रहांचा आजचा नियम, की प्रती एकाहून अधिक असाव्यात आणि त्या निरनिराळ्या गावी असाव्यात, तो ह्याहून वेगळा नाही. एका बाबतीत मात्र आजचा नक्कलकार सुखी आहे. हस्तलिखिताच्या नकलेत भर पडते, गाळ पडतो. म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांस ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली. अंकांच्या नकलेस पडताळणीची एक संख्या जोडलेली असते. मजकुरात एक अंक हलला तर ती संख्या जुळत नाही आणि दोष तत्क्षणी उघडा पडतो. म्हणून एका पिढीच्या फितीवरून पुढच्या पिढीच्या फितीवर, दर सात-आठ वर्षांनी, सारा संग्रह उतरवून घेणे हे कंटाळवाणे असले तरी निर्धोक काम आहे. ते चुकविले तरच धोका. अंदाजपत्रकात नव्या दुर्बिणीसाठी रक्कम मिळते आणि जुन्या फितींच्या नकलांसाठी मिळविताना फार बोलावे लागते, हे कोणत्याही ग्रंथपालास विचारावे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे विचारणे रास्त आहे. निरीक्षकाने निबंध लिहिला, निष्कर्ष छापला. मग मूळ आकडे ठेवून काय करावयाचे? ह्याचे सर्वांत चांगले उत्तर खोडदनेच दिले आहे. २०१० ते २०१२ ह्या काळात दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर, म्हणजे दोन मीटर तरंगलांबीवर, तेथून दिसणाऱ्या जवळजवळ सर्व आकाशाचे सर्वेक्षण केले. दोन हजारांहून अधिक तासांचे निरीक्षण झाले. इतक्या खालच्या कंप्रतेवर पृथ्वीभोवतीचे आयनांबर फार त्रास देते. हलत्या पाण्याच्या तळाशी पडलेला खडा जसा जागा बदलताना दिसतो तसे तारकास्रोत हलतात, आणि आकाशाच्या प्रत्येक दिशेस हे हलणे निराळे असते. त्यामुळे चित्रे बांधण्याचे काम मंदावले आणि आरंभी थोड्याच भागाची चित्रे प्रसिद्ध होऊ शकली. आकडे मात्र संग्रहात जसेच्या तसे होते. नेदरलँड्सचे खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा ह्यांनी दिशेदिशेने आयनांबराचा दोष मोजून काढण्याची गणिती रीत बसविली होती. त्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ते सर्व जुने आकडे संग्रहातून उचलले, यंत्रवत एकाच रीतीने पुन्हा वाचले, आणि २०१७ साली सबंध आकाशाच्या नव्वद टक्के भागाचा, ३६,९०० चौरस अंशांचा, नकाशा व सुमारे सहा लक्ष वीस हजार रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध केली.

ह्यासाठी एकही नवे निरीक्षण करावे लागले नाही. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, ह्या यादीतील एका अंधुक नोंदीचा पाठपुरावा करता असे आढळले की, ती तोपर्यंत ज्ञात असलेली सर्वांत दूरची रेडिओदीर्घिका आहे. तिचा ताम्रसृतीचा अंक ५.७२. विश्वाचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास असताना निघालेला तो तरंग खोडदच्या जाळीवर येऊन पडला, तेव्हा त्याची कोणासच दाद नव्हती. तो आकड्यांत होता. वाचक यावयाचा होता. रियासतकार सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तराचे निवडक ४५ खंड संपादिले, तेव्हा ते कागद ज्या कारकुनांनी लिहिले त्यांस ह्या वाचनाची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी हिशेब ठेवला होता, इतकेच. जर २०१२ साली कोणी चित्रे तेवढी ठेवून आकडे पुसले असते, तर २०१७ चा नकाशा निघाला नसता.

कोणी म्हणेल की आकडे गेले असते तर पुन्हा निरीक्षण करता आले असते. आकाश कोठे जाते? येथे पुन्हा आपणांस पुणे-नाशिक रस्त्यावर यावे लागते. खोडदची जागा निवडली गेली ती मुख्यतः तेथील रेडिओशांततेसाठी. डोंगरांची आड होती आणि वस्ती विरळ होती. दुर्बीण ज्या तरंगांचा शोध घेते ते इतके क्षीण असतात की, विजेच्या तारेवरील सैल जोडणीची ठिणगी, मोटारीच्या इंजिनाची ठिणगी किंवा मोबाइलचा मनोरा त्यांस सहज गिळून टाकतो. म्हणून दुर्बिणीभोवती तीस किलोमीटरांच्या टापूत कारखाना काढावयाचा तर केंद्राचे ना-हरकत पत्र लागते. चाकण त्या टापूच्या बाहेर आहे. पण उद्योगाचा पट्टा एका जागी बसून राहत नाही. त्याच्यामागून विजेच्या वाहिन्या येतात, वसाहती येतात, मनोरे येतात. प्रस्तावित पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या आखणीस ह्याच दुर्बिणीच्या कारणाने हरकत निघाली आणि वेगळ्या मार्गाची आखणी करावी लागेल, असे रेल्वेमंत्र्यांस सांगावे लागले. नारायणगाव-मंचरच्या शेतकऱ्यास आणि चाकणच्या कामगारास रेल्वे हवी आहे, आणि ती मागणी अवास्तव नाही. मी स्वतः निगडीहून रोज वाहनांच्या रांगेत अडकणारा मनुष्य आहे. मला एवढेच नमूद करावयाचे आहे की, २००२ साली खोडदवर जी शांतता होती तीच पुढेही राहील असे गृहीत धरता येत नाही. अवकाशातून फिरणाऱ्या उपग्रहांस तर तीस किलोमीटरांचा नियम लागूच नाही. जुन्या नोंदींत ताऱ्यांबरोबर ती शांतताही उतरली आहे. शिवाय काही रेडिओस्रोत वर्षावर्षांत तेज बदलतात. २०११ च्या एखाद्या रात्री त्यांचे तेज किती होते हे सांगण्यास त्या रात्रीची नोंद एवढेच साधन आहे.

बोलींच्या बाबतीत वेगळे काय आहे? डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, वारली इत्यादी बोलींची सर्वेक्षणे प्रसिद्ध केली. डेक्कन कॉलेजने २०१७ नंतर मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन ध्वनिमुद्रणे जालावर ठेविली आहेत. नवे सर्वेक्षण जुन्याची जागा घेत नाही, कारण बोलणारे तेच राहिलेले नाहीत. चाकण परिसरात आज मराठवाड्याची, विदर्भाची आणि बिहारची बोली एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येते. त्या मिश्रणाचा अभ्यास अवश्य व्हावा, आमच्या विभागातील दोन विद्यार्थी तो करीतही आहेत. त्यांस तुलनेसाठी जे हवे आहे ते माझ्या खणातल्या फितीवर आहे.

ती फीत चार मिलिमीटर रुंदीची, डीडीएस पद्धतीच्या चौथ्या पिढीची आहे. त्या पिढीची फीत वाचणारा, चालू स्थितीतील ड्राइव्ह कोणा वाचकाच्या प्रयोगशाळेत अगर अडगळीत असल्यास कृपया विभागाच्या कार्यालयात कळवावे. फीत घेऊन मी स्वतः येईन.